वापर : नाही

झेरॉक्सच्या काचेखालून हिरवट उजेडाची पट्टी सरकत गेली आणि एकसष्टावं पान ट्रेमध्ये येऊन पडलं. कागद अजून गरम होता. वरच्या खोलीत उतरलेल्या बागचीसाहेबांनी आपल्या अहवालाच्या तीन प्रती मागितल्या होत्या, उद्या दिल्या तरी चालेल म्हणाले होते, आणि मीच आगाऊपणानं, आत्ता देते की, असं म्हटलं होतं. गंगटोकमधल्या हॉटेलात ऑगस्ट महिन्यात रिसेप्शनवर बसणाऱ्या बाईला दुसरं काय काम असतं? डोंगर ढगात, पाहुणे खोलीत, आणि दर अर्ध्या तासाला कुणीतरी खाली येऊन विचारणार, उद्या दिसेल का हो कांचनजंगा? जणू मी तो ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवलाय. मी दिसेल म्हणते. चौदा वर्षं खोटं बोलायचा पगार घेतेय. तर पानं मी न वाचताच उलटत होते. पाहुण्यांचे कागद वाचायचे नाहीत, ही आमच्या मॅनेजरची शिकवण. पण एकसष्टाव्या पानावर माझा स्वतःचा आवाज होता, आणि स्वतःचा आवाज न ऐकणं कुणाला जमतं?

एक तक्ता होता. अनुक्रमांक, ठिकाणाचं नाव, पात्रापासूनचं अंतर, सध्याचा वापर. एकतीस ओळी. कुठल्याही शिकलेल्या माणसानं नदी उगमाकडून मोजली असती, पाणी वाहतं तशी. ही यादी खालून वर जात होती. पहिली ओळ, जिथं दोन पाणी मिळतात ते तारबोंग. मग वेताच्या पुलाखालचा खडक. मग मीठ ठेवायचा दगड. नदी खालून वर मोजणारे फक्त आमचे मेलेले. आणि प्रत्येक ओळीपुढं शेवटच्या रकान्यात एकच शब्द, वापर : नाही, वापर : नाही, एकतीस वेळा, खालपर्यंत. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, माहिती देणारी व्यक्ती, स्थानिक महिला, वय बावीस.

मी पुढची पानं यंत्रात घातली. हात आपलं काम करत होते, आणि मला त्यांचा राग आला. तिन्ही प्रतींना नीट टाचणी मारली, वर जाऊन बागचीसाहेबांना दिल्या. मऊ बोलणारे गृहस्थ, चहा नेणाऱ्यालाही आपण म्हणतात. त्यांनी आभार मानले आणि सांगितलं की परवा तुमच्याच झोंगूमध्ये या धरणाची जनसुनावणी आहे, तुमचं गाव त्याच बाजूला ना? मी म्हटलं, हो, त्याच बाजूला. खाली येऊन बसले तर बोटांना कागदाचा ऊबदारपणा अजून तसाच होता, आणि मला वाटलं की मी कुणाच्या तरी तापलेल्या कपाळाला हात लावून आलेय.

बावीस वर्षांची होते तेव्हा मी फार शहाणी होते. कॉलेज संपवून गावी आले होते. गावात मोजमाप करणारी माणसं आली, तिघं, डोक्यावर टोप्या, खांद्यावर तिपाई, आणि त्यांचं बोलणं ज्यांना कळत होतं अशांत मुलगी मी एकटी. नऊ दिवस त्यांच्याबरोबर काठाकाठानं हिंडले. खरं सांगायचं तर तेवढे कौतुकाचे नऊ दिवस माझ्या आयुष्यात पुन्हा आले नाहीत. त्यांच्या नकाशावर आमची नदी म्हणजे कोऱ्या कागदावरची निळी रेघ होती. या वळणाला काय म्हणतात, असं त्यातल्या एकानं विचारलं, आणि मला लाज वाटली, त्या कोरेपणाची लाज. आमच्या नदीला काही नावंच नाहीत की काय! म्हणून मी सांगितलं. एक सांगितलं, मग त्याच्या पुढचं, आणि ती नावं अशी आहेत की एकामागे एक येतात, मधेच थांबता येत नाही, माळेचा दोरा तुटावा तशी. इथं लोक काय करतात, त्यानं विचारलं. मी म्हटलं, काही नाही. मासे? छे. गुरं? नाही हो. लाकूड, पूजा, अंघोळ? मी हसले. म्हटलं, जिवंत माणूस तिथं जात नाही. आणि हे अक्षरशः खरं होतं. त्यानं ते खरं लिहून घेतलं.

आमच्यात माणूस मेलं की ते नदीनं वर जातं. उतरून आलेलं पाणी ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं, एकेका मुक्कामावर टेकत, बर्फाखालून पाणी जन्मतं तिथपर्यंत, आणि त्याच्या पलीकडे डोंगराच्या पोटात आपली सगळी आधी गेलेली माणसं असतात. पण मेलेलं माणूस नवखं असतं, त्याला नेऊन पोचवावं लागतं. ते काम मुनचं, आणि आमच्या बाजूची मुन म्हणजे माझी आत्या, देमकित. मी नऊ वर्षांची असताना आई गेली. तेव्हा आत्या सकाळी चुलीपुढं बसली, पहिल्यांदा आईचं नाव घेतलं, आणि चालू लागली. बसल्या जागी. तिच्या कपाळावर घाम येत होता, चढाला तिला धाप लागत होती, मीठ ठेवायच्या दगडाशी थांबून तिनं खरंच चिमूटभर मीठ ठेवलं. मी तिच्या गुडघ्याला चिकटून बसले होते. मला आईबरोबर जायचं होतं, म्हणून मी एक एक नाव मनात घट्ट धरून ठेवत होते. ऊन दारातून आत आलं, भिंतीवर चढलं. शेवटच्या जागी आत्या म्हणाली, यापुढं तू एकटी. आणि मला झोप लागली. नऊ वर्षांच्या पोरीला लागते झोप, त्यात काय मोठंसं! जागी झाले तेव्हा आत्या लाकडी भांड्यातून नाचणीची गरम दारू, ची, पीत होती, डोळे लाल, पाय पोटाशी घेतलेले. मी विचारलं, आई? ती म्हणाली, पोचली. मी विचारलं, आणि तू? ती म्हणाली, मी आले ना परत. ती कशी परत आली ते मी ऐकलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी जीपमध्ये बसले. मंगनपर्यंत नऊ माणसं, पुढं सात, शेवटी मी आणि कोंबड्यांची एक टोपली. खिडकीतून तिस्ता दिसत होती, म्हणजे तिस्ता असायची ती जागा. धरणामागं हिरवं, मुकं पाणी, आणि धरणापुढं नुसते गोटे. एक मैल गोटे, दोन मैल गोटे, मग बोगद्यातून अचानक बाहेर ओकलेलं पाणी, की लगेच पुढच्या बोगद्याचं तोंड. लहानपणी या रस्त्यानं बोलता येत नसे इतका आवाज असायचा. आता ड्रायव्हरचं गाणं स्वच्छ ऐकू येत होतं. मला वाटलं, याही पाण्यातून कुणीतरी वर जात असेल. त्याचे काय हाल? मुक्कामाची जागा कोरडी पडलेली, पुढचं पाणी डोंगराच्या आत नळीत. गोट्यांवर बसून राहिलं असेल. सगळ्या रस्त्याच्या कडेनं मला ती बसलेली दिसायला लागली, वाट चुकलेल्या प्रवाशांसारखी, पिशव्या मांडीवर घेऊन. मी डोळे मिटले. कोंबड्या माझ्याकडे पाहत होत्या.

त्या नऊ दिवसांनंतर आत्याला कळलं. कुणी सांगितलं कोण जाणे, तिला सांगावं लागत नसे. ती ओरडली नाही. वेलचीच्या मळ्यात वाकून काम करत होती, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिनं एवढंच विचारलं, "सुरुवातीला नाव कुणाचं घातलंस?" मी म्हटलं, कुणाचंच नाही, मी नुसती यादी सांगितली. "म्हणजे वाट उघडलीस आणि जाणारं कुणी नाही," ती म्हणाली. "उघडं दार कोण लावणार गं, तुझे टोपीवाले?" आणि पुन्हा वाकली. त्याच वर्षी, सहा आठवड्यांनी, बाबा त्याच मळ्याच्या वरच्या अंगाला पाय घसरून दरीत गेले. मी तेव्हा गंगटोकला होते, नोकरी बघत होते. दरड कोसळून रस्ता बंद होता, पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. आत्यानं आपल्या सख्ख्या भावाला एकटीनं नेऊन पोचवलं होतं. तिनं मला कधी दोष दिला नाही. एकदाही नाही. तिनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी कदाचित गावी राहिले असते. बाबांचा पाय शेवाळावरून घसरला हे मला माहीत आहे, आणि वाट उघडी होती हेही मला माहीत आहे, आणि या दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत. मी मात्र त्यांच्या मधल्या भिंतीला चौदा वर्षं कान लावून आहे.

आत्याच्या घरी गेले तर ती ओसरीवर उन्हात होती. दोन वर्षांमागं तिला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तोंडातून आवाज येतात, पण शब्द होत नाहीत. ज्या तोंडात एकतीस नावं नांदत होती त्यातून आता पाणी हवं की नको एवढंही नीट येत नाही. तिच्यामागं शिकलेलं कुणी नाही. मुनचं काम शिकवून येत नाही, ते अंगावर येतं, आणि आमच्या बाजूला ते कुणाच्याच अंगावर आलं नाही. माझ्याही नाही, मी वाट पाहिली होती. मला पाहून ती डाव्या बाजूनं हसली. मी तिच्यासमोर बसून तिचा सुका हात चोळत राहिले आणि जे विचारायला आले होते ते मनातच विचारलं. आत्या, तुला कोण नेणार? सगळ्यांना नेलंस, तुला कोण? आणि नेणारं मिळालं तरी कुठून नेणार? ती वेताच्या पुलाच्या दिशेला बघत होती. तिथून नदीचा आवाज येत होता, भरलेला, ऑगस्टचा. सबंध खोऱ्यात धरणाशिवायची एवढीच नदी उरली होती.

चोपेल मंडल आला. गावचा मुखिया, माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. त्यानं अंगणातूनच टोमणा मारला. "गंगटोकची राणीसाहेब! डोंगर दाखवून संपला वाटतं, आता नदी दाखवायला आलात?" मी त्याला एकसष्टाव्या पानाबद्दल सांगितलं. तो ऐकून बसला, खुरीचा, कुट्टूच्या धिरड्याचा, तुकडा मोडून खाल्ला. मग म्हणाला की त्यानं तर संमतीच्या कागदावर सही केली आहे. मग बोलतच राहिला, एकसारखा, जसं माणूस मनात हजारदा बोललेलं बोलतं. दोन वर्षांमागं हिला पाठीवर टोपलीत घालून पूल ओलांडला तेव्हा तू कुठं होतीस? सात तास लागले इस्पितळापर्यंत. डॉक्टर म्हणाला, तीन तासांत आणली असती तर बोलली असती. कंपनी रस्ता देतेय, पूल देतेय, दवाखाना देतेय. वाट वाट करताय, पण वाट पाठ असलेलं तोंड रस्ता नव्हता म्हणून बंद झालं, हे कुणाला सांगणार तुम्ही? आत्या आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. खरं सांगायचं तर मला त्याचंच म्हणणं बरोबर वाटलं.

"उद्या बोलायचं असेल तर बोल," तो जाताना म्हणाला. "मी अडवणार नाही. पण ते विचारतील, मग वापर काय? काय सांगशील?"

हाच तर पेच होता. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात मांडव घातला होता, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर फुलदाणी. सुनावणी घेणारे अधिकारी, शेजारी बागचीसाहेब, कोपऱ्यात लॅपटॉपवर लिहून घेणारा एक चष्मेवाला. मला पाहून बागचीसाहेब खरोखर आनंदले, जणू मी त्यांचीच पाहुणी. चोपेलनं आत्याला पाठीवर आणून पहिल्या रांगेत बसवलं. ती पाठीवर घ्यायला सोपी झाली आहे, असं तो म्हणाला, आणि पटकन तोंड फिरवलं. दोघंतिघं बोलून गेले. वेलचीच्या मळ्यांत पाझर कमी होतील, एक म्हणाला. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले आणि म्हटलं की एकसष्टाव्या पानावरचा शेवटचा रकाना चुकीचा आहे. माहिती देणारी महिला मीच. मी चुकीचं सांगितलं.

अधिकारी सौजन्यानं म्हणाले, "मग दुरुस्त करू या की. सांगा मॅडम, या जागांचा वापर काय?"

मी म्हटलं, त्या आमच्या मेलेल्या माणसांच्या आहेत. ते म्हणाले, म्हणजे स्मशानं? नाही. तिथं पुरतात, रक्षा टाकतात? नाही. देऊळ, दगड, काही खूण? मी म्हटलं, काही नाही, तिथून जातात. कोण जातं? चष्मेवाल्याची बोटं हवेत थांबली होती. मला माझे शब्द ऐकू येत होते आणि ते किती पोकळ आहेत तेही कळत होतं. जे कधी जिवंतपणी दाखवायचं नाही ते मी काय दाखवणार होते? ते म्हणाले, मॅडम, एखादं उदाहरण द्या, म्हणजे नोंद करता येईल. आणि मला दिसलं की दुसरा मार्ग नाही. ती वाट तिथं, त्या मांडवात, सबंध चालून दाखवायची, अनुक्रमांकाची यादी म्हणून नव्हे, जशी चालतात तशी. म्हणजे सुरुवातीला नाव घालायचं. रिकामी वाट एकदा उघडली होती, त्याचं काय झालं ते मला माहीत होतं.

मी आत्याकडे पाहिलं. तिला सगळं कळत होतं. तिनं डावा हात उचलला आणि सावकाश स्वतःच्या छातीवर ठेवला. एकदा ठेवला, मी हलले नाही म्हणून पुन्हा ठेवला, जरा जोरात, लहानपणी मी भात खात नसे तेव्हा पानावर बोट आपटायची तशी. माझं घाल. तिच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. तिला जायचंच होतं, नेणारं कुणी नव्हतं, मला नावं येत होती, नदी अजून वाहत होती. याहून चांगला दिवस कुठला? आणि मी तिचं नाव तोंडात घेतलं, देमकित, ते जिभेवर आलं, त्याची चव मला अजून आठवते. पण मी बाबांना आधीच घालवलं होतं. दोन सख्ख्या भावंडांना एकाच तोंडानं पाठवायचं माझ्याच्यानं झालं नाही. मी म्हटलं, ओंगकित. माझं नाव. आणि तारबोंगहून निघाले.

पहिल्या पाच नावांपर्यंत मी मांडवात होते. अधिकारी फोन बघत होते, चष्मेवाला मान पुढं करून ऐकत होता, एकदा त्यानं तिसरं नाव कसं लिहायचं असंही विचारलं. मग पाय ओले झाले. मी हे रंगवून सांगत नाही, मला तसलं आवडत नाही, मी रिसेप्शनवर बसणारी बाई आहे. चढ लागला आणि मला धाप लागली. मिठाच्या दगडाशी माझ्याजवळ मीठ नव्हतं, ते मी विसरलेच होते, आणि तेवढ्यात बघते तर मागं गावची माणसं उभी राहिली होती, म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या होत्या, आणि चोपेल मंडल, सही केलेला चोपेल, धावत शाळेच्या स्वयंपाकघरात गेला आणि मूठभर मीठ घेऊन आला. त्यानं ते टेबलावर, फुलदाणीशेजारी ठेवलं. अधिकाऱ्यांनी खुर्ची मागं घेतली. मी पुढं गेले. नऊ वर्षांची असताना घट्ट धरलेलं सगळं जागच्या जागी होतं, एकही नाव सुटलं नाही, आणि शेवटी गार, फार गार असं ते बर्फाखालचं तोंड आलं, जिथून पाणी पहिल्यांदा उजेडात येतं. मी म्हटलं, यापुढं तू एकटी.

आणि थांबले. मांडवात सगळे माझ्याकडे पाहत होते आणि मी त्यांच्याकडे, फार वरून. आता परतायचं होतं. मुन परत येते. आत्या दर वेळी परत आली होती. मी परतीसाठी तोंड उघडलं आणि तिथं काहीच नव्हतं. झोप होती. भिंतीवर चढलेलं ऊन आणि झोप.

तीच नावं उलटी म्हणावीत, असं मनात आलं. मी शेवटचं नाव घेतलं आणि त्याच्या आधीचं घ्यायला गेले तेव्हा आत्यानं जिवाच्या आकांतानं मान हलवली. तशी नाही. उतरताना त्या जागा त्या नसतात, असं ती कधीतरी म्हणाली होती, मी तेव्हा हसले होते. ती खुर्चीत पुढं झुकली, तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या. परतीची वाट तिच्या आत होती, सबंध, मला दिसत होती. आणि बाहेर आला तो नुसता आवाज, एक लांब, ओला, आकार नसलेला आवाज, पुन्हा, आणि पुन्हा, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंडातून तो आवाज. बागचीसाहेब घाईघाईनं उठले, त्यांनी तिच्यासाठी पाण्याची बाटली उघडून पुढं धरली. खरोखर चांगला माणूस. अधिकारी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, फार आभारी आहोत. नोंद घेतली आहे."

त्याला आता पाच आठवडे झाले. मी कामावर आहे. किल्ल्या देते, ओळखपत्रं तपासते, डोंगर दिसेल म्हणते. मॅनेजर म्हणाला की हल्ली तुमचे हात बर्फासारखे असतात, पाहुणे दचकतात, हीटर लावून घ्या. लावला. मी गावाहून निघाले तेव्हा आत्यानं माझं मनगट धरून ठेवलं होतं, सोडतच नव्हती, चोपेलनं एकेक बोट सोडवलं. जीपमध्ये मला वाटलं होतं की गंगटोकला पोचले की बरं वाटेल, शहरात अशा गोष्टी टिकत नाहीत. पण इथं चहा पिताना, कपडे वाळत घालताना, फोनवर बोलताना, मी सगळं लांबून बघते. आणि खाली, माझ्या पायाखाली, नदी निघालेली असते, आणि मला तिच्यामागून उतरता येत नाही. कुणी हाक मारली की उत्तर द्यायला मला क्षणभर उशीर होतो, तेवढा वेळ आवाज वरून खाली यायला लागतो. याला भीती म्हणायचं तर भीतीत काहीतरी घडायचं बाकी असतं. इथं घडून गेलं आहे, आणि मी रडले तरी रडणंसुद्धा खाली कुणाला तरी येतं.

परवा बागचीसाहेब पुन्हा उतरलेत. आज दुपारी त्यांनी अंतिम अहवाल दिला, तीन प्रती, मॅडम, घाई नाही. मी एकसष्टावं पान आधी काढलं. अधिकाऱ्यांनी शब्द पाळला होता. रकाना दुरुस्त झाला होता, एकतीसही ओळींत. वापर : धार्मिक स्वरूपाचा, क्वचित. पर्यायी जागा उपलब्ध करून देता येईल. मी काचेवर कागद ठेवला, झाकण लावलं, हिरवी पट्टी सरकत गेली. पर्यायी जागा. मला त्या शब्दांचं हसू आलं आणि मग ते हसू थांबेना. टेबलाला धरून उभी राहिले. खाली, फार खाली, बोगद्याच्या तोंडाशी पहिला सुरुंग दसऱ्यानंतर लावणार आहेत, असं पुढच्याच पानावर होतं.

तेव्हाच फोन वाजला. चोपेल होता. मागं बायकांचे आवाज येत होते, म्हणून त्यानं सांगायच्या आधी मला कळलं. आत्या सकाळी गेली. उन्हात बसली होती, पेज अर्धी प्यायली, आणि गेली. तो रडत होता आणि मध्येच रागावत होता. म्हणाला की सगळे जमलेत, चूल पेटवलीय, मीठ आणून ठेवलंय, आणि चुलीपुढं बसायला कुणी नाही. खालच्या खोऱ्यातली मुन आणावी तर तिला आमची नदी ठाऊक नाही. नावं फक्त तुला येतात. जीप सांगितली आहे, तू निघ. "ऐकतेस ना? हिला नेणारं कुणी नाहीये, ओंगकित."

मी ऐकत होते. मला इतकं स्वच्छ दिसत होतं की आश्चर्य वाटलं. मी तिथं जाऊन बसले असते आणि तिचं नाव घातलं असतं, तरी तारबोंगहून तिच्याबरोबर निघणार कोण होतं? निघायला आधी खाली असावं लागतं. आणि तिला नेणाऱ्याची गरजच काय होती? ती वाट तिनं गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाबरोबर चालून काढली होती, आईबरोबर, बाबांबरोबर. आता तर तिचं तोंडही मोकळं झालं असेल. मुक्कामामुक्कामाला थांबेल, मीठ ठेवील, आणि शेवटच्या जागी पोचून मला पाहील तेव्हा आधी दोन थोबाडीत मारील, चौदा वर्षांच्या राहिलेल्या. मग परतीची वाट सांगेल. ती एकटीलाच ठाऊक आहे. सांगेल ना? मला उतरायचंय, फार गार आहे इथं.

"चोपेलदादा," मी म्हटलं, "माझी वाट बघू नका. तिच्या कानाशी जा, डाव्या, आणि सांग, ओंगकित वर थांबलीय."

"वर म्हणजे कुठं?" त्यानं विचारलं. मागच्या बायकांचे आवाज लांब गेले.

"आणि म्हणावं, रेंगाळू नकोस," मी म्हटलं. "पाणी आहे तोवर ये."